उणे बेचाळीस हजार

माणसाची ख्याती कशावरून होईल याचा नेम नाही. आमच्या नातेवाइकांत मी हिशेबी म्हणून ओळखला जातो, आणि त्याला कारण एवढंच की धाकट्या मेव्हणीच्या लग्नात आचाऱ्याच्या बिलात जिलेबी दोनदा लावलेली मला दिसली. दिसली म्हणजे काय, चष्मा कार्यालयातल्या खोलीत राहिला होता म्हणून बिल नाकाला लावून वाचत होतो, आणि नेमका त्याच ओळीवर पाकाचा डाग पडला होता, त्यामुळे नजर तिथून हलेना. पण तेव्हापासून कुणाला फ्रीज घ्यायचा असो, भिशी लावायची असो की सोनं मोडायचं असो, "त्यांना विचारा" म्हणायची पद्धत पडली. वास्तविक मी साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसात नोकरी केली. कोण कधी आलं आणि कधी गेलं, हे लिहायचं काम. किती आले आणि किती गेले, हे बघायला अकाउंट्स खातं वेगळं होतं, आणि त्या खात्याने मला कधी उंबऱ्याच्या आत घेतलं नाही.

तर बारावीचा निकाल लागला आणि ताईचा फोन आला. भाचीला, म्हणजे मुक्ताला, मेडिकल लॅबोरेटरी सायन्सला जायचं होतं. तिला डॉक्टर व्हायचं नव्हतं, इंजिनिअर तर मुळीच नाही. काचपट्टीवर रक्ताचा थेंब पसरून त्यातल्या पेशी ओळखायच्या, हे तिने मनाशी पक्कं केलं होतं. भाऊजींना ते पटेना. "रक्त काढायला चार वर्षं शिकायचं? डास जन्मल्यापासून काढतो," हा त्यांचा मुद्दा. "फक्त मादी काढते, बाबा," मुक्ताने दुरुस्ती केली, आणि भाऊजी आणखी बिघडले. ताईचा प्रश्न साधा होता. फीसाठी कर्ज काढावं लागेल. ते पोरीच्या पगारातून फिटेल का? "तू जरा हिशेब मांडून सांग बाबा," ती म्हणाली. इथं नाही म्हणायला हवं होतं.

मी म्हणालो, "उद्या सांगतो."

आधी अभ्यासक्रमाचं नावच हाताला लागेना. कुठे बी.एम.एल.टी., कुठे बी.एस्सी. एम.एल.टी., नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडे बी.पी.एम.टी., शिवाय छोटा डी.एम.एल.टी. डिप्लोमा आहेच. मी ही सगळी नावं कॅलेंडरच्या पाठीमागे लिहून काढली आणि सौभाग्यवतींनी ते पान दूधवाल्याचा महिना संपला म्हणून फाडून टाकलं. शेवटी मुक्तानेच सांगितलं की तीन वर्षं कॉलेज आणि वर एक वर्ष इंटर्नशिप. एका खासगी कॉलेजच्या फीपत्रकावर वर्षाला एक लाख लिहिलं होतं. म्हणजे तीन लाख कर्ज. इथपर्यंत मी बोटांवर आलो. पुढचं बोटांच्या आवाक्याबाहेरचं निघालं.

वरच्या मजल्यावर एक इंजिनिअर मुलगा राहतो. मुलगा गुणी, पण बोलतो भरभर. त्याने लॅपटॉप उघडून मला समजावलं की शैक्षणिक कर्जात शिकत असताना आणि नंतर साधारण वर्षभर हप्ता नसतो, पण व्याज मात्र थांबत नाही. ते साध्या पद्धतीने चढत राहतं. दर दहा टक्के धरला, तर पहिल्या वर्षी उचललेल्या लाखावर पाच वर्षांचे पन्नास हजार, दुसऱ्या लाखावर चार वर्षांचे चाळीस, तिसऱ्यावर तीस. एकूण एक लाख वीस हजार. म्हणजे हप्ते सुरू व्हायच्या दिवशी तीन लाखांचे ४,२०,००० झालेले असतात. हे मला समजलं. मला समजलं, हीच पुढच्या अनर्थाची नांदी होती, कारण मी त्याला म्हणालो, "बस, आता हप्ता मी काढतो," आणि तो बिचारा विश्वासाने जेवायला निघून गेला.

एक्सेलमध्ये हप्ता काढायचं सूत्र असतं. दर, महिने आणि रक्कम घालायची, की उत्तर. मी दर घातला दहा टक्के, महिने घातले १२०, रक्कम ४,२०,०००, आणि देवाचं नाव घेऊन बटण दाबलं. रकान्यात लाल अक्षरांत उमटलं: उणे ४२,०००.४५.

आता उणे म्हणजे काय? मी नीट विचार केला. कर्ज आपण घेतो, ते अधिक. मग उणे आहे ते बँकेला उणे, म्हणजे बँकच आपल्याला दरमहा बेचाळीस हजार देणार. सरकारने मुलींच्या शिक्षणासाठी बरंच काही चालवलंय असं वाचलं होतं, त्यामुळे मला फारसं नवल वाटलं नाही; उलट हे पंचेचाळीस पैसेसुद्धा सोडत नाहीत म्हणजे योजना पारदर्शक आहे, असं मनात आलं. लगेच ताईला फोन लावला. ती क्षणभर गप्प झाली आणि मग म्हणाली, "मग दोन कर्जं काढूया का?" आम्ही दोघं एकाच आईची लेकरं, याचा याहून पक्का पुरावा लागणार नाही.

सौभाग्यवतींनी एक्सेल कधी उघडलेलं नाही. त्या भाजी निवडत होत्या. "अहो, वजा असेल तर ते आपल्या खिशातून असेल," एवढं त्या म्हणाल्या आणि पुढची गवार मोडली.

मग माझी पाचावर धारण बसली. महिना बेचाळीस हजारांचा हप्ता! मुक्ताला पहिला पगार पंधरा हजार मिळेल असं ती म्हणत होती. म्हणजे पोरीने महिनाभर राबायचं, सगळा पगार बँकेत भरायचा, आणि वर सत्तावीस हजार उसने आणायचे. मी नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक लांबलचक इशारा लिहिला, त्यात 'कर्जाचा विळखा' असे शब्द वापरले, ते वाचून नागपूरच्या आत्याने देवाला नवस बोलल्याचं कळवलं, भाऊजींनी "मी म्हटलंच होतं" असं लिहून खाली डासाचं चित्र टाकलं, आणि मुक्ताने काहीच लिहिलं नाही. तिने फक्त मला खासगीत एक प्रश्न पाठवला. "मामा, तू बाराने भागलंस का?"

मी उत्तर दिलं नाही. कशाला भागायचं तेच कळलं नव्हतं.

बँकेत गेलो तेव्हा ते कळलं. कर्ज म्हटलं की तारण आलं, म्हणून मी पिशवीत घराचा करारनामा, गावाकडच्या अर्ध्या एकराचा सातबारा, सौभाग्यवतींच्या पाटल्यांची पावती, रेशनकार्ड आणि असावा म्हणून माझा कारखान्याचा निवृत्तीचा सत्काराचा फोटो घेतला होता. समोर बसलेली अधिकारी मुलगी माझ्या सुनेच्या वयाची. तिने सगळे कागद हळुवारपणे माझ्याकडे परत सरकवले. चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागत नाही. आईवडील सहकर्जदार म्हणून सही करतात, बस. साडेसात लाखांच्या वर गेलं की तारणाचा प्रश्न येतो. मग तिने माझ्या कागदावरचा लाल आकडा पाहिला, ओठ घट्ट मिटले आणि खाली बघून खुर्ची उगाच पुढेमागे केली. "काका, दहा टक्के वर्षाचे आहेत. तुम्ही महिन्याचे धरलेत. इतकं व्याज सावकारही घेत नाही." तिने माझ्यासमोर बाराने भागलं. दहा वर्षांसाठी हप्ता आला ५,५५० रुपये.

बेचाळीस हजारांवरून साडेपाच हजार! मी तिथल्या तिथे एवढा खूश झालो की अजून एखादी भाची असती तर तिचंही कर्ज काढलं असतं. जाताना तिने एवढंच सांगितलं की पंधरा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता साडेचार हजारांवर येईल. "मग पंधराच घेऊ!" मी म्हणालो. तिने शांतपणे गुणाकार करून दाखवला. दहा वर्षांत एकूण फेड सुमारे ६,६६,०००; पंधरा वर्षांत ८,१२,०००. हप्ता हजाराने हलका करायचा तर दीड लाख जड व्हायचं. कारखान्यात ओव्हरटाइमचं असंच असायचं, पण तो दुसरा विषय.

कर्जाची बाजू अशी दुसऱ्याच्या हातून का होईना, मांडून झाली. राहिली कमाईची. माहितीवर विसंबून राहायचं नाही, प्रत्यक्ष पाहणी करायची, असं मी ठरवलं आणि मिरजेची वाट धरली. आमच्या सांगलीच्या लोकांना दोन गोष्टींसाठी मिरजेला जावं लागतं, तंतुवाद्यं आणि तपासण्या. वॉन्लेस डॉक्टरांनी १८९४ मध्ये तिथे इस्पितळ उभं केलं, १९६२ पासून सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, आणि आता गल्लोगल्ली दवाखाने आणि त्यांच्या सावलीला लॅब. पण एखाद्या लॅबमध्ये शिरून "तुम्हाला पगार किती?" असं कसं विचारणार? म्हणून मी पेशंट झालो. सगळ्या तपासण्या करायच्या म्हणून उपाशीपोटी गेलो, खिशात वही आणि पेन.

आत पांढऱ्या कोटातली एक बाई होती. तिने माझ्या दंडाला पट्टा आवळला, कोपराच्या खोबणीत दोन बोटं फिरवून शीर शोधली आणि ट्रेमध्ये नळ्या मांडल्या. जांभळ्या टोपणाची रक्तपेशी मोजायला, करड्या टोपणाची साखरेला, पिवळ्या टोपणाची किडनी वगैरेंसाठी, आणि निळ्या टोपणाची रक्त गोठायला किती वेळ लागतो ते बघायला. त्या निळ्या नळीत आधीच औषध असतं. एक भाग औषधाला नऊ भाग रक्त, म्हणून रेघेपर्यंत भरलीच पाहिजे, कमी पडली तर ती फेकून देतात. हे सगळं तिने मी विचारलं म्हणून सांगितलं. मी जरा जास्तच विचारत होतो. सुई आत गेली, पिवळी नळी भरू लागली, बाई एकाग्र झाल्या, आणि मला वाटलं हीच वेळ. "पगार किती मिळतो हो तुम्हाला?" म्हणत मी मोकळ्या हाताने खिशातली वही काढायला गेलो. वही पेनात अडकली, पेन बनियनमध्ये अडकलं, मी अंगाला हिसका दिला, आणि ज्या हाताला सुई होती तो हात वहीला मदत करायला आपणहून पुढे आला.

"काका, हात!" बाई ओरडल्या. मग काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही, कारण मी तेव्हा बाकावर आडवा होतो.

दुपारी लॅबमधून फोन आला. पुन्हा रक्त द्यायला या. झालं! मी मनातल्या मनात मृत्युपत्र लिहायला घेतलं, सौभाग्यवतींना पाटल्यांची पावती कुठे ठेवलीय ते सांगितलं, त्यांनी ती स्वतःच ठेवल्याची आठवण करून दिली. संध्याकाळी बाईंनी मला नळी दाखवली. रक्त फिरवून वर जे पाणी उरतं, सीरम, ते एरवी फिकट पिवळं असतं. माझं पातळ कोकम सरबतासारखं झालं होतं. सुई हलली, रक्त खेचताना लाल पेशी फुटल्या आणि त्यांच्या आतलं पोटॅशियम बाहेर सांडलं. मशीनने पोटॅशियमचा आकडा एवढा दाखवला की तसाच रिपोर्ट गेला असता तर डॉक्टरांनी मला रात्रीच भरती करून घेतलं असतं. मशीनला त्याचं काही नव्हतं. बाईंनी रंग पाहिला आणि नमुना बाजूला काढला.

मग चहा झाला आणि पगारही कळला. सुरुवात बारा हजारांवर झाली होती, आठ वर्षांनी रात्रपाळ्या धरून बत्तीस. डिप्लोमावाला आणि पदवीवाला सुरुवातीला एकाच पगारावर उभे राहतात. फरक पुढे पडतो, मोठ्या मान्यताप्राप्त लॅबमध्ये, जिथे रोज सकाळी पेशंटच्या आधी मशीनचीच तपासणी घ्यावी लागते, किंवा मशीन बनवणाऱ्या कंपन्यांत, किंवा सरकारी नोकरीत. जिल्हा परिषदेच्या भरतीत प्रयोगशाळा तंत्रज्ञाची वेतनश्रेणी ३५,४०० पासून सुरू होते, पण जागा मोजक्या आणि अर्ज पोत्याने. एवढा कमी पगार का, विचारलं. "सही डॉक्टरांची, आकडा मशीनचा. मधल्या माणसाचं काम चुकलं तरच दिसतं," त्या म्हणाल्या. शिवाय स्वस्तात कुणालाही पांढरा कोट चढवून उभं करणारे आहेतच. २०२१ मध्ये संसदेने अशा व्यवसायांसाठी राष्ट्रीय आयोगाचा कायदा केला, त्यात नोंदणी आहे, शिक्षणाचे किमान निकष आहेत. पगाराचा रकाना मात्र त्यात नाही. मी हे सगळं वहीत लिहून घेतलं. या वेळी दोन्ही हात मोकळे होते.

रविवारी ताईकडे बैठक भरली. भाऊजींनी आधीच अमेरिका काढली होती. तिकडे लॅबवाल्यांचा मधला पगार २०२४ मध्ये वर्षाला साठ हजार डॉलरच्या थोडा वर होता, हे त्यांना कुठूनतरी कळलं होतं, आणि तो रुपयांत गुणून त्यांचं डासाबद्दलचं मत एकदम सुधारलं होतं. मुक्ता म्हणाली, तिथे जायला वेगळी परीक्षा, व्हिसासाठी कागदपत्रांची वेगळी छाननी, आणि तिथलं घरभाडं डॉलरमध्येच द्यावं लागतं. भाऊजींनी गुणाकार परत खिशात ठेवला.

मग मी घसा खाकरून माझी वही उघडली. पगार पंधरा हजार, हप्ता साडेपाच, म्हणजे एक तृतीयांशाहून जास्त पगार सुरुवातीलाच गेला, असं मी गंभीरपणे वाचलं. मुक्ताने मान डोलावली आणि आपली वही उघडली. त्यात हे सगळं होतं. माझ्याआधीची तारीख टाकून, बाराने भागून. शिवाय माझ्याकडे नव्हतं तेही होतं. पगार बारा मिळेल की अठरा, हे आपल्या हातात नाही, कर्ज किती काढायचं ते आहे, असं धरून तिने सरकारी कॉलेजांना आधी अर्ज केले होते, तिथे फी खासगीच्या मानाने कितीतरी कमी; ते नाही जमलं तरच खासगी, तेही घरून जाऊन-येऊन करता येईल असं, म्हणजे वसतिगृहाचं कर्ज वाचेल. आणि खाली एक ओळ होती: शिकत असतानाच व्याज भरत गेलं तर ते मुद्दलात साठत नाही, हप्ता ५,५५० ऐवजी ३,९६५, आणि काही बँका त्याबद्दल व्याजदर एक टक्क्याने कमीही करतात. पुढे प्रश्नचिन्ह. व्याज भरणार कोण?

सगळे माझ्याकडे बघत होते, कारण मी हिशेबी. पहिल्या वर्षी महिना ८३३ रुपये, दुसऱ्या वर्षी १,६६७, पुढे अडीच हजार. मी तोंडातल्या तोंडात म्हणालो, "एवढं मी भरेन." म्हणून मोकळा झालो आणि मग मनात आलं, शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आयकरात सवलत असते, कलम ८०ई. पाहिलं तर ती कर्ज ज्याच्या नावावर त्याला, आणि जुन्या करपद्धतीतच. शिवाय माझं उत्पन्न करपात्रच नाही. सवलत मिळवायला आधी कर बसावा लागतो, हे वयाच्या या टप्प्यावर नव्याने कळलं. घरी येताना सौभाग्यवती म्हणाल्या, "त्या गुडघ्याच्या तेलाचं पार्सल बंद करा, तेवढ्यात होईल." ते तेल दर महिन्याला येतं. गुडघा सुधारला नाही, पण कुरिअरवाल्याशी चांगली ओळख झाली होती.

सरकारी यादीत नंबर लागला नाही. मुक्ता आता खासगी कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला आहे, एस.टी.ने जाऊन-येऊन करते, आणि बँकेचा मेसेज दर महिन्याला माझ्या मोबाइलवर येतो. परवा ती घरी आली. डायनिंग टेबलावर माझा हात उताणा ठेवला, ओढणीने दंड बांधला आणि दोन बोटांनी शीर चाचपू लागली. "मामा, तुझ्या शिरा काय मस्त आहेत रे, आमच्या वर्गात कुणाच्याच अशा नाहीत!" आयुष्यात माझ्या कुठल्याही अवयवाची अशी तारीफ झालेली नाही. मी ऐटीत मूठ आवळली. तिने बोट जरा दाबलं, "हां, ही बघ, इथून घ्यायचं," म्हणाली, आणि माझ्या कानात गुंई असा आवाज सुरू झाला, पंखा उलटा फिरू लागला, भिंतीवरचं कॅलेंडर हळूहळू खाली उतरलं. शुद्धीवर आलो तेव्हा सौभाग्यवती तोंडावर पाणी शिंपडत होत्या आणि मुक्ता रडवेली होऊन सगळ्यांना पुन्हा पुन्हा सांगत होती की तिच्याकडे सुई नव्हतीच.